परदेशी शिक्षण आणि प्रौढपण : वाचकांचे प्रश्न

स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशातील विद्यापीठांत शिकणाऱ्यांची संख्या युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००० साली सुमारे २० लाख होती. २०२० पर्यंत ती ६० लाखांच्या पुढे गेली. प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती आणि कर्ज यांविषयी या विद्यार्थ्यांना माहिती देणारे आज पुष्कळ आहेत. या सदराकडे येणारी पत्रे मात्र बहुधा त्या माहितीच्या पलीकडची असतात. ‘परदेशी गेले की माणूस आपोआप मोठा होतो’ असे सांगून ज्यांना निरोप दिला गेला, त्यांना प्रत्यक्षात काय अनुभवाला आले, ते या पत्रांत लिहिलेले असते. त्यांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीवरून नावे आणि ठिकाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात आहे. येथे येण्यापूर्वी मी बोलका आणि हुशार विद्यार्थी म्हणून ओळखला जात असे. येथे चर्चासत्रात माझे वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना मी लहान मुलासारखा गोंधळतो. सुरुवातीचे दिवस उत्साहात गेले; आता मात्र सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. परदेशात राहून माणूस परिपक्व होतो म्हणतात, मी तर उलट लहान झालो आहे. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काही कमी असल्याचे तुमच्या पत्रात कोठेही दिसत नाही. आपण ज्याला स्वतःची हुशारी किंवा धिटाई म्हणतो, तिचा बराच भाग आपल्या परिसराच्या आधाराने उभा असतो. कोणत्या खिडकीपाशी कोणता अर्ज द्यायचा, शिक्षकांना कोणत्या सुरात शंका विचारायची, समोरचा हसला तर तो थट्टा करतो आहे की आपुलकी दाखवतो आहे, हे सारे आपण वीस-बावीस वर्षांत नकळत शिकलेलो असतो आणि आपण ते शिकलो होतो हेही विसरून गेलेलो असतो. दुसऱ्या देशात पाऊल ठेवताच या शिदोरीतील पुष्कळसा भाग निरुपयोगी ठरतो. बुद्धी मात्र होती तेवढीच राहते. त्यामुळे ‘मी लहान झालो’ ही तुमची भावना खोटी नाही. घरी ज्या कामांकडे लक्षही द्यावे लागत नव्हते, ती तुम्हाला आज खरोखरच मुळापासून शिकावी लागत आहेत. लहान मुलाला आपण काही गमावले आहे याची जाणीव नसते आणि तुम्हाला ती क्षणोक्षणी आहे, म्हणून हे शिकणे तुम्हाला अधिक बोचते.

या अवस्थेचा अभ्यास बऱ्याच पूर्वीपासून होत आला आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियन व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या आणि १९५५ साली असे मांडले की, सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेले लोक तुलनेने चांगले रुळले होते, तर या दोन्हींच्या मधला काळ राहिलेल्यांना ते अधिक जड गेले होते. ‘आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणे’ हा इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा आलेख त्यातूनच पुढे प्रसिद्ध झाला आणि नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागतपर व्याख्यानांत तो आजही दाखवला जातो. तो पाहून धीर येत असेल तर अवश्य पाहावा, परंतु त्यावर रेल्वेच्या वेळापत्रकासारखी भिस्त ठेवू नये. कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची ते पोहोचल्यापासून वर्षभर टप्प्याटप्प्याने पाहणी केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वाधिक त्रास अगदी आरंभीच आढळला आणि सुरुवातीच्या उत्साहाचा तो प्रसिद्ध काळ दिसलाच नाही. तेव्हा अमुक महिना उलटला की आपोआप बरे वाटेल, असे धरून दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही. आपण सावरतो ते रोजच्या लहानसहान व्यवहारांतून.

त्यांपैकी चर्चासत्राचा प्रश्न सर्वांत लवकर सुटण्याजोगा आहे, कारण तेथे तुमची अडचण ज्ञानाची नसून वेगाची आहे. प्रवेशासाठी दिलेल्या इंग्रजीच्या परीक्षेत एका वेळी एकच व्यक्ती बोलते. चर्चासत्रात चौघे एकमेकांचे वाक्य तोडत बोलतात, आणि त्याची तयारी कोणत्याही परीक्षेने करून घेतलेली नसते. वाचनासाठी दिलेल्या मजकुरावर आदल्या दिवशी एक प्रश्न आणि एक आक्षेप पूर्ण वाक्यांत लिहून काढा, आणि चर्चेच्या पहिल्या काही मिनिटांतच, म्हणजे विषय वाहत जाण्यापूर्वी, त्यांपैकी एक बोलून टाका. उत्तम मुद्दा सुचेपर्यंत थांबण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना हे थोडे उथळपणाचे वाटते. परंतु अनेक विद्यापीठांत चर्चेतील सहभागाला गुण असतात, आणि शांत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखे काही नाही किंवा त्याने वाचलेलेच नाही, असा समज तेथे सहज होतो. प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातील काही ठरावीक तास आपल्या खोलीत बसतात, त्यांना तेथे ‘ऑफिस अवर्स’ म्हणतात. ते केवळ मागे पडलेल्यांसाठी असतात, किंवा जाण्यासाठी काही मोठे कारण लागते, या समजुतीने कित्येक परदेशी विद्यार्थी वर्षभर त्या खोलीकडे फिरकत नाहीत. तुम्ही जा, आणि वर्गात बोलणे जड जाते एवढेच सांगा. हे वाक्य त्या प्राध्यापकांनी यापूर्वी पुष्कळांकडून ऐकलेले असते.

बँक, दवाखाना आणि घरमालक यांच्या बाबतीत मोह निराळा असतो. तुमच्या आधी आलेला एखादा वरिष्ठ विद्यार्थी ‘चल, मी बोलतो’ म्हणून सर्व कामे उरकून देतो, आणि त्याची मदत घेऊन तुम्ही पुढल्या वेळी होतात तेथेच राहता. त्याला सोबत अवश्य न्यावे, पण बोलावे स्वतः. ‘मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगाल का’ हे वाक्य न लाजता म्हणता येणे हा प्रौढपणाचा भाग आहे, असे मी मानते. ते म्हणता न आल्यामुळे न वाचलेल्या करारावर सही करणारी आणि न समजलेल्या सूचनांवर मान डोलावणारी मोठी माणसे आपण पाहतोच. एकट्याने सारे निभावणे म्हणजे परिपक्वता, ही समजूत परदेशी विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान करते. ज्याला कोठे आणि कशी मदत मागावी हे ठाऊक आहे, तो कोणाच्याही मदतीशिवाय खोलीत कुढत बसलेल्यापेक्षा अधिक स्वावलंबी असतो.

आता ‘माणूस परिपक्व होतो’ या विधानाविषयी. जर्मनीतील जूलिया त्सिमरमान आणि फ्रान्झ नायर यांनी परदेशी गेलेल्या आणि मायदेशीच राहिलेल्या जर्मन विद्यार्थ्यांची तुलना करून २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात परदेशी जाऊन आलेल्यांमध्ये नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती वाढलेली, तर भावनिक अस्थिरता कमी झालेली आढळली. मात्र या बदलांचा बराच मोठा भाग तेथे जोडल्या गेलेल्या नव्या, इतर देशांतील माणसांच्या संबंधांशी निगडित होता. म्हणजे केवळ विमानातून उतरल्याने काही होत नाही. कोणाशी तरी ओळख होऊन ती टिकावी लागते. एखाद्या अभ्यासगटात, खेळाच्या मैदानावर किंवा ग्रंथालयातील अर्धवेळ कामात, जेथे तीच माणसे दर आठवड्याला पुन्हा भेटतात, अशा एका ठिकाणी नाव नोंदवा. मेळाव्यांत एकाच संध्याकाळी भेटलेल्या पन्नास चेहऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मात्र या सर्वांहून वेगळे काढावे लागेल. सकाळी उठावेसे न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकून असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, तर त्याला नव्या देशाशी जुळवून घेण्याचा सामान्य टप्पा समजून अंगावर काढू नका. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते, त्याचा खर्च सहसा शुल्कातच धरलेला असतो आणि तेथील बोलणे गोपनीय राहते. तेथे गेल्याने व्हिसावर परिणाम होईल किंवा विभागप्रमुखांना कळेल, या भीतीने अनेक जण जात नाहीत. ही भीती मनातच ठेवण्याऐवजी पहिल्याच भेटीत समुपदेशकांना विचारून घ्या. आणि जगणेच नको असा विचार कधी मनात आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा आणि त्या देशाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : माझी मुलगी परदेशात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी ती मला प्रत्येक गोष्ट सांगत असे. आता व्हिडिओ कॉल पाच मिनिटांत संपतो आणि प्रत्येक प्रश्नाला ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. ती एका विषयात नापास झाल्याचे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळले. मी विद्यापीठाला ईमेल केला, तर विद्यार्थिनीच्या संमतीशिवाय माहिती देता येत नाही असे उत्तर आले. शुल्क आम्ही भरतो. मग आम्हाला विचारण्याचा अधिकार नाही का?

उत्तर : विद्यापीठाचे उत्तर तुम्हाला कोरडे वाटले असेल, पण ते उद्धट नाही. अमेरिकेत १९७४ च्या ‘फर्पा’ या संघीय कायद्यानुसार विद्यार्थी उच्च शिक्षणसंस्थेत दाखल होताच त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. आरोग्य किंवा सुरक्षिततेचा तातडीचा प्रसंग आणि करनियमांखाली येणारे अवलंबित्व असे काही अपवाद कायद्यात आहेत. शुल्क कोणी भरले, हा मात्र त्यात निकष नाही. युरोपीय संघातही २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमांमुळे सज्ञान विद्यार्थ्याची माहिती विद्यापीठे त्याच्या संमतीशिवाय पालकांना सहसा देत नाहीत. थोडक्यात, तुमची मनाची तयारी होण्यापूर्वीच कायद्याने तुमच्या मुलीला प्रौढ मानले आहे.

तिच्या मौनाविषयी बोलायचे तर, अशी मुले बहुधा बेफिकिरीमुळे गप्प बसत नाहीत. आईवडिलांनी केलेल्या खर्चाचे ओझे मनावर असते, आणि नापास झाल्याचे सांगणे म्हणजे तो खर्च वाया घालवल्याची कबुली देणे, असे त्यांना वाटू लागते. त्यातच वेळेतील फरकामुळे तुमची निवांत संध्याकाळ ही कदाचित तिची तासिकांमधली धावपळीची दुपार असते. अशा वेळी आलेला फोन जेवण, झोप, हजेरी आणि गुण यांच्या चौकशीने सुरू होत असेल, तर ‘सगळे ठीक आहे’ हे उत्तर तिने स्वतःच्या बचावासाठी शोधलेले असते.

मैत्रिणीच्या आईकडून माहिती मिळवण्याची वाट आधी बंद करा. ती वाट चालू आहे हे मुलीला आज ना उद्या कळणारच, आणि त्यानंतर ती मैत्रिणींनाही काही सांगणार नाही. मग खऱ्या अडचणीच्या वेळी तिच्याजवळ कोणीच उरणार नाही. तुम्हाला जे कळले आहे ते तिला सरळ सांगा, कोणाकडून कळले तेही सांगा, आणि रागावण्यासाठी हे बोलत नाही असे सांगून पुढचा प्रश्न विचारा : एका विषयात अनुत्तीर्ण झाल्याने तिच्या पुढील सत्रातील श्रेयांकांवर आणि व्हिसावर काय परिणाम होतो, याची चौकशी तिने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात केली आहे का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण स्थानिक विद्यार्थी एखादा विषय सावकाश पुन्हा देऊ शकतो, परंतु अनेक देशांत परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाच्या अटींनुसार पूर्णवेळ अभ्यासक्रम चालू ठेवावा लागतो आणि त्यात खंड पडला तर आधी परवानगी घ्यावी लागते. नापास झालेले गुण एकदा भरून निघतील. वेळेवर न केलेली ही चौकशी मात्र महागात पडू शकते.

त्यानंतर दोघी मिळून एक गोष्ट ठरवा. कोणत्या बाबी घरी कळवल्याच पाहिजेत? गंभीर आजार, राहण्याचा बदललेला पत्ता, शिक्षणाचा काळ किंवा खर्च वाढवणारी कोणतीही घटना, आणि व्हिसासंबंधीची अडचण, एवढी यादी पुरेशी आहे. बाकीचे तिचे तिच्याकडे राहू द्या. आपत्कालीन संपर्कासाठी विद्यापीठाच्या नोंदीत तुमचे नाव आणि चालू दूरध्वनी क्रमांक दिलेला आहे का, हेही तिला पाहायला सांगा.

याची दुसरी बाजू पालकांच्या पत्रांत क्वचितच असते. परदेशी शिकणाऱ्या मुलांपासून घरातील आजारपणे, शस्त्रक्रिया, पैशाची ओढाताण आणि कधीकधी मृत्यूदेखील लपवले जातात, आणि ‘अभ्यासात व्यत्यय नको’ हे त्याचे कारण सांगितले जाते. सुट्टीत घरी आल्यावर ज्या मुलाला आजोबांचे दुखणे सहा महिन्यांपूर्वीचे असल्याचे कळते, ते मूल घरात बातम्या लपवण्याचीच पद्धत आहे, असा धडा घेते. तुमच्या मुलीने तुम्हाला प्रौढासारखे खरे सांगावे अशी अपेक्षा असेल, तर तुम्हीही तिला प्रौढ समजून खरे सांगू लागा. हे अधिक कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : मी आल्यापासून माझ्याच देशातील चार विद्यार्थिनींबरोबर भाड्याच्या घरात राहते. सर्व सोयीचे आहे, पण इतर विद्यार्थी म्हणतात की आपल्याच लोकांत राहिलीस तर परदेशी येऊन काही शिकणार नाहीस. मी घर सोडावे का?

उत्तर : या कारणासाठी तर मुळीच सोडू नका. परदेशी विद्यार्थी आपल्या माणसांत गोळा होतात, ही तक्रार विद्यापीठांइतकीच जुनी असावी. मध्ययुगीन पॅरिस विद्यापीठात तर विद्यार्थी आणि शिक्षकांची फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड आणि इंग्लिश अशी प्रदेशवार मंडळे विद्यापीठाच्या रचनेचाच भाग होती. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये होनोलुलू येथील परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना तीन वर्तुळे दिसली. स्वदेशीयांचे वर्तुळ आपले संस्कार आणि भाषा जपण्यासाठी, यजमान देशातील लोकांचे वर्तुळ अभ्यास आणि व्यवसायातील हेतू साधण्यासाठी, तर इतर देशांतील विद्यार्थ्यांचे वर्तुळ मुख्यतः करमणुकीसाठी उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे होते. तिन्हींची गरज असते आणि पहिले वर्तुळ असल्यामुळे उरलेली दोन आपोआप बंद होत नाहीत. ती बंद होतात ते रोजची संध्याकाळही त्याच घरात गेल्यामुळे. म्हणून घर बदलण्यापेक्षा संध्याकाळ बदला.

तुमच्या पत्रात न विचारलेली, पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक बाब सांगते. पाच जणींनी एकाच भाडेकरारावर सह्या केल्या आहेत का, ते पाहा. अनेक देशांत अशा सामाईक करारात प्रत्येक भाडेकरू संपूर्ण भाड्याला जबाबदार धरली जाते. एक मैत्रीण सत्र अर्धवट सोडून निघून गेली, तर तिचा वाटा उरलेल्यांकडून मागितला जाऊ शकतो. बाराव्या शतकात युरोपातील पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने दूरदेशी जाऊन शिकणाऱ्यांना जे संरक्षण दिले, त्यात देशबांधवांच्या कर्जासाठी विद्यार्थ्याला धरू नये, असेही होते. त्या विद्यार्थ्यांना सम्राटाने वाचवले. तुम्हाला मात्र स्वतःचीच सही नीट वाचावी लागेल. खोलीगणिक स्वतंत्र करार मिळत असेल तर भाडे थोडे अधिक पडले तरी तो पत्करावा, आणि घराच्या स्थितीची छायाचित्रे राहायला येण्याच्या दिवशीच काढून घरमालकाला ईमेलने पाठवावीत, म्हणजे अनामत रकमेवरून पुढे वाद होत नाहीत.

प्रश्न : परवानगीपेक्षा जास्त तास रोखीने काम दिले जाते. माझे सर्व मित्र करतात. कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे. काय हरकत आहे?

उत्तर : हरकत मोठी आहे. ऑस्ट्रेलियात सत्राच्या काळात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर आठवड्याला २४ तास, अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास, अशा मर्यादा आहेत. नियम बदलतात, म्हणून तुमच्या स्वतःच्या व्हिसावरील अट विद्यापीठाच्या कार्यालयातून तपासून घ्या. मर्यादा ओलांडल्याचे उघड झाले तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि मग हप्ता तसाच राहून पदवी जाते. त्याहूनही वाईट म्हणजे, ज्या मालकाला तुमचे हे गुपित ठाऊक आहे, तो तुमचे वेतन अडवू लागला तर तक्रार कोठे करायची, हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो, आणि याच कारणाने तो तुम्हाला कामावर ठेवतो. ‘सर्व मित्र करतात’ हे कारण व्हिसा अधिकाऱ्यासमोर चालत नाही. पैसे खरोखर कमी पडत असतील, तर हप्ता सुरू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का हे बँकेला लेखी विचारा आणि विद्यापीठात अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी आहे का याची चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी असा निधी असतो, परंतु तो मागावा लागतो.

प्रश्न : चार वर्षांनी शिक्षण संपवून मी घरी परतलो आहे. परदेशात मी घर चालवले, कर भरला, आजारपण एकट्याने काढले. येथे मात्र मला पुन्हा अठरा वर्षांचा समजतात. काही मत मांडले की ‘परदेशी जाऊन फार शहाणा झालास’ असे ऐकावे लागते. नोकरीचे दोन प्रस्ताव हाती आहेत, त्यांपैकी एक पुन्हा परदेशातील आहे. घरच्यांना ते अजून सांगितलेले नाही. माझ्या मतांपैकी माझी कोणती आणि तेथून उचललेली कोणती, हेही आता मला कळेनासे झाले आहे.

उत्तर : परतणाऱ्याला त्रास होणार नाही असे सगळे धरून चालतात, म्हणून तो अधिक होतो. जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये लिसगार्ड यांचा ‘यू’ आलेख पुढे वाढवून त्याचा ‘डब्ल्यू’ केला, तो याच कारणाने : मायदेशी परतल्यावर घसरण आणि सावरणे यांची दुसरी फेरी सुरू होते. तेथे तुम्ही परके होतात आणि सर्वांना ते ठाऊक होते. येथे तुमचे परकेपण कोणालाच दिसत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत अधिक आवडला. हायो ॲडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात परदेशात वास्तव्य केलेल्यांना स्वतःविषयीची जाण अधिक स्पष्ट असल्याचे आढळले. एखादे मूल्य आपण स्वतः मानतो की केवळ वाढलो त्या वातावरणामुळे बाळगतो, याचा विचार परदेशात वारंवार करावा लागतो, हे त्याचे कारण त्यांनी दिले. आणि किती देश पाहिले यापेक्षा परदेशात किती दीर्घ काळ राहिले, याला त्यात अधिक महत्त्व होते. ज्याला तुम्ही गोंधळ म्हणता, तो हाच विचार अजून चालू असल्याचे चिन्ह आहे. मत तेथून उचललेले असले म्हणून ते तुमचे होत नाही, असे नाही; घरून मिळालेली मतेही कोठून तरी उचललेलीच होती. ज्या मतासाठी तुम्ही गैरसोय सोसायला तयार आहात, ते तूर्त तुमचे समजा.

घरच्यांच्या वागण्याविषयी मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस या वयाविषयी जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात तेथील तरुण प्रौढत्वाच्या खुणा म्हणून स्वतःची जबाबदारी घेणे, स्वतंत्र निर्णय घेणे आणि आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र होणे यांना अग्रक्रम देतात असे नमूद केले आहे. इतर समाजांतील अभ्यासांत यांच्या जोडीला कुटुंबाविषयीची कर्तव्ये आणि मनावरील ताबा हेही निकष पुढे आले. तुम्ही पत्रात दिलेली यादी सगळी पहिल्या प्रकारची आहे; घरचे कदाचित दुसऱ्या प्रकारच्या खुणांची वाट पाहत आहेत. त्यांनी तुमची चार वर्षे पाहिलेलीच नाहीत. त्यांच्यापुढे आहे तो विमानतळावर निरोप दिलेला मुलगा आणि अधूनमधून पडद्यावर दिसलेला चेहरा. तेथील घर तुम्ही कसे चालवले, हे शब्दांत सांगून त्यांना पटणार नाही. घरातील एखादी खरी जबाबदारी, मग ते कर्जाचे हप्ते असोत, कोणाचे औषधोपचार असोत किंवा कागदपत्रांचा प्रलंबित व्यवहार असो, न मागता स्वतःकडे घ्या आणि महिनोन्‌महिने नीट सांभाळा. टोमणे लगेच थांबणार नाहीत. सल्ला विचारणे मात्र सुरू होईल.

नोकरीचा प्रस्ताव लपवून ठेवणे हे आपल्या प्रौढत्वाचा मान मागणाऱ्याला शोभत नाही. तुमचा कल कोणत्या नोकरीकडे आहे ते आधी स्वतःशी ठरवा, आणि मग दोन्ही प्रस्ताव घरी मांडताना तो कलही सांगा, म्हणजे तुम्ही परवानगी मागत आहात की मत विचारत आहात, याविषयी कोणाचा गैरसमज होणार नाही. आई रडेल, वडील एक-दोन दिवस बोलणार नाहीत, असे गृहीत धरूनच बोलायला बसा. आणि हे बोलणे प्रस्ताव स्वीकारण्याची मुदत संपण्याच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका. त्यांनाही विचार करायला किमान आठवडाभर मिळाला पाहिजे.